स्लॅबला पाणी किती दिवस मारलं?

तुळशीराम मिस्तरींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी भिंतीला कान लावला होता आणि डोळे घट्ट मिटले होते. भिंत स्वयंपाकघराची होती, आणि ते स्वयंपाकघर ज्या फ्लॅटचं, तो फ्लॅट भाड्यानं घ्यायला मी उदगीरहून लातूरला आले होते. साठी ओलांडलेला माणूस, पायजमा-सदरा, खांद्यावर दस्ती, आणि हातात रुपयाचं नाणं. नाण्यानं भिंतीवर टकटक करायचे, ऐकायचे, वीतभर पुढं सरकायचे, पुन्हा टकटक.

मला वाटलं हा मालकाचा माणूस. मालक बिराजदार माझ्या शेजारीच उभे होते, त्यांना वाटलं हा माझा माणूस. त्यामुळं दहा मिनिटं आम्ही दोघंही त्यांच्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होतो. शेवटी बिराजदार मला हळूच म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांना बसायला खुर्ची आणू का?"

"माझे वडील? मला वाटलं तुमचे कोणी आहेत!"

मग आम्ही दोघं मिळून त्यांच्याकडं वळलो. त्यांनी डोळे उघडले. आपण कोण, इथं कसे आलो, काही नाही. थेट मालकाला विचारलं, "मालक, स्लॅबला पाणी किती दिवस मारलं?"

"पाण्याचं काही टेन्शन नाही हो. नळ आठ दिवसाला येतो, पण बोअर आहे आपलं."

"नळाचं न्हाई इचारलं. स्लॅब भरल्यावर वरून पाणी किती दिवस मारलं?"

बिराजदारांना लिफ्टची कंपनी माहीत होती, फरश्या कुठून आणल्या ते माहीत होतं, हे मात्र त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मारलं की. भरपूर मारलं."

"भरपूर म्हंजी किती दिवस?"

"पंधरा."

मिस्तरींनी मान वर करून छताकडं बघितलं. चांगलं मिनिटभर बघितलं. मग म्हणाले, "अकरा. अकराच दिवस मारलंय. पर चालतंय, थंडीत भरलाय स्लॅब."

बिराजदारांनी आमच्यासमोर ठेकेदाराला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांच्या तोंडावरूनच कळलं. अकराच होते!  नव्या कोऱ्या पांढऱ्या छताकडं बघून या माणसानं हे कशावरून ओळखलं, ते मला आजही माहीत नाही. एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "ताई, तुमाला भाकरी बघून कळतं का न्हाई, तवा तापला हुता का म्हनून? तसंच हाय."

आता हे सगळं जूनमधलं, म्हणजे तुम्ही समजून घ्या. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीड, आमचं उदगीर, निलंगा, जिकडून तिकडून आया आपापली पोरं घेऊन लातूरला उतरतात. पोराला डॉक्टर करायचं असतं. क्लास लावायचा, क्लासजवळ फ्लॅट बघायचा, आणि दोन वर्षं संसाराचे दोन तुकडे करून राहायचं. नवरा तिकडं, मी इकडं. शहरही असं, की मागच्या वर्षी जिथं तूर होती तिथं यंदा चार मजले उभे. मालक लोक भाडेकरूला आधी आडनाव विचारतात, मग लगेच दहावीचे मार्क. माझ्या ओंकारचे मार्क ऐकून दोन मालकांनी तर तोंडं अशी केली, की जणू फ्लॅटसुद्धा मेरिटवर द्यायचा होता!

मिस्तरीही त्याच कामाला आले होते. त्यांची नात सुजाता, मुलाची मुलगी, अकरावीला होती. किल्लारीच्या अलीकडं त्यांचं गाव. मुलगा साखर कारखान्यात, सून अंगणवाडीत, दोघांनाही नोकरी सोडून येणं शक्य नव्हतं. एकट्या पोरीला कोणी फ्लॅट देत नव्हतं आणि बाप ठेवायलाही तयार नव्हता. आजोबा सोबत राहणार असतील तरच लातूर, नाहीतर गावाकडचं कॉलेज, असा करार झाला होता. म्हणजे त्या पोरीचं डॉक्टर होणं या नाणं वाजवणाऱ्या माणसावर अवलंबून होतं, आणि तो माणूस तीन आठवडे लातूरभर फिरून एकही बिल्डिंग पास करत नव्हता.

आमची बिल्डिंग त्यांनी पास केली. तिसऱ्या मजल्यावर माझं दार, समोर त्यांचं दार. 'आर्या हाईट्स' असं नाव. हाईट म्हणाल तर चार मजले.

मी तशी तोंडानं फटकळ आहे, शेजाऱ्यापाजाऱ्याचं कौतुक मला पटकन करवत नाही. पण या माणसानं पहिल्या पंधरा दिवसांत माझी बोलती बंद केली. राहायला जायच्या आधीच त्यांनी माझ्या बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी मोरीकडं न जाता दाराकडं निघालं. "बघितलं का? हितं आंघोळ केली की हॉलमधी तळं." बिराजदारांना बोलावून त्यांनी ते पाणी पुन्हा ओतून दाखवलं. बिराजदार फरशी उकलायला तयार नव्हते. मिस्तरी वाद घालत बसले नाहीत, फक्त दर अर्ध्या तासानं एक तांब्या ओतत राहिले आणि "मालक, आलं बगा तुमच्याकडं" म्हणत राहिले. चौथ्या तांब्याला मालकांनी गवंडी बोलावला.

त्याच दिवशी हॉलमध्ये भिंतीवरून हात फिरवता फिरवता ते म्हणाले, "ह्यो गिलावा डावऱ्या मानसानं केलाय."

मी म्हटलं, "काका, काहीही हं!"

"बगा की. थापी उजवीकून डावीकडं आलीया. हात चांगला हाय पोराचा. जरा घाईत असतंय."

बाथरूम दुरुस्त करायला गवंडी आला. तरणा पोरगा. थैली खाली ठेवली, आणि डाव्या हातानं थापी काढली. "हा हॉल तूच केला का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "हाव ताई. का? काही चुकलं का? जरा घाई झाली हुती."  मी दारात उभी राहून नुसती एकदा त्याच्याकडं आणि एकदा काकांकडं बघत राहिले.

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीही काकांना विचारल्याशिवाय भिंतीत खिळा मारला नाही. ते यायचे, नाणं वाजवायचे, पेन्सिलनं फुली मारायचे. "हितं मारा. हिकडं कॉलम हाय, त्येला दुखवू नका." कॉलमला ते खरोखर माणसासारखं वागवायचे. जिन्यातून जाता-येता खालच्या कॉलमवर थाप मारायचे, जसं आपण ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारतो.

बाकी त्रास नव्हता असं नाही. दसऱ्याच्या सुमारास गच्चीच्या कठड्याचा एक कोपरा बिराजदारांनी नव्यानं करून घेतला. सिमेंट नुसतं वाळून चालत नाही, त्याला रोज पाणी पाजावं लागतं. आणि त्या वर्षी पावसानं दडी मारलेली, पाण्याची बोंब! बोअर गुरगुरायला लागलं होतं, टँकर आला की बायकांची घागरीवरून भांडणं. कठड्यासाठी पाणी मागायला काका कोणाच्या दारात गेले असते तर मीच पहिली ओरडले असते. काकांनी कोणाला काही मागितलं नाही. आपल्या वाट्याची आंघोळीची बादली उचलून गच्चीवर नेली, आणि रोज सकाळी त्या कठड्याला टेकून, चड्डीवर, आंघोळ सुरू केली. अंगावरचं पाणी कठड्यावर.

आम्ही बायका वाळवण घालायला वर जातो तर हे आपले उघडेबंब, साबण लावून बसलेले! मी तोंड फिरवून ओरडले, "काका, लाजबीज आहे का नाही?"

"सात दिस, ताई," ते डोळ्यांत साबण गेलेल्या अवस्थेत म्हणाले. "सातच दिस. मंग न्हाई."

सात दिवस आमची दिवाळीच्या डाळी-पोह्यांची वाळवणं काकांच्या आंघोळीच्या वेळापत्रकाप्रमाणं वाळली. आठव्या दिवशी काका खाली बाथरूममध्ये गेले. तो कठडा तुम्ही आजही बघा, एक चीर नाही.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. हा माणूस दिवसा झोपायचा. सकाळी सुजाता क्लासला गेली, की गेटजवळ वॉचमनसाठी उभारलेलं पत्र्याचं खोपटं होतं, त्यात बाज टाकून आडवे. दुपारपर्यंत घोरणं. आणि रात्री कधीही बघा, पार्किंगमध्ये कॉलमला पाठ लावून जागे बसलेले. बिराजदारांना वाटायचं फुकटचा वॉचमन मिळाला, त्यांनी दुसरा ठेवलाच नाही. मी त्यांना चिडवायची, "काका, घुबडाचा जन्म होता का मागचा?" ते हसायचे. "खाली गार वाटतंय, ताई."

दिवाळीनंतर बिराजदारांनी गेटजवळची सगळी पट्टी खोदायला काढली. जमिनीखाली मोठी टाकी करायची होती, उन्हाळ्याच्या आत. सगळ्यांना आनंदच झाला. खोपटं काढलं, पत्रे गच्चीवर नेऊन ठेवले. आठ दिवसांत काकांचे डोळे लाल झाले. दिवसा बागेतल्या बाकावर जाऊन पडायचे, तिथून रखवालदार उठवायचा. मी म्हटलं, घरात पंखा आहे, गादी आहे, झोपा की सरळ. "हाव, झोपतो की," म्हणायचे, आणि झोपायचे नाहीत. दहाव्या दिवशी भाजी आणताना जिन्यात चक्कर येऊन पडले. डोक्याला टाके पडले.

मुलगा कारखान्यावरून धावत आला. बिचारा बोलायला शांत माणूस. काकांचं डोकं बघितलं, आणि सुजाताला एवढंच म्हणाला, "बॅग भर. तुझ्या आजोबाला हितलं झेपत न्हाई. गावाकडं कॉलेज हाय." पोरगी पुस्तकं एकावर एक ठेवायला लागली. क्लासच्या परीक्षेत तिचा नंबर माझ्या ओंकारच्या कितीतरी पुढं असायचा, मला माहीत होतं. माझा जीव तुटला. आणि जीव तुटला की मला राग येतो. मी तडक जाऊन काकांच्या समोर बसले.

"काका, खरं सांगा. घरात का झोपत नाही? तुमच्यापायी लेकराचं शिक्षण चाललं!"

काकांनी डोक्याची पट्टी चाचपली. मग सांगितलं.

किल्लारीच्या त्या त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ते तिशीतले. तेव्हाही गवंडीच, पण दगड-मातीचे. आमच्या भागातली जुनी घरं अशीच, दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. गावात त्यांच्या हाताला नाव होतं. भूकंपाच्या आदल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या घराची पडकी भिंत नव्यानं उचलली होती. "समद्या गावानं बगून नेली, ताई. म्हनले, भिंत बांधावी तर तुळशीरामनं." त्या पहाटे ते लातूरला कामावर होते. बायको सात वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी. घरात आई होती आणि चार वर्षांची लेक नंदा.

"भिंत माझ्याच हातची हुती," काका म्हणाले.

 त्यांचा मुलगा खिडकीकडं तोंड करून उभा होता. तोच तो सात वर्षांचा मुलगा.

नंतर गावं नव्यानं बांधायला घेतली तेव्हा काका पहिल्या दिवसापासून तिथं होते. सिमेंट शिकले, लोखंड शिकले, कॉलम शिकले. तीस-बत्तीस वर्षांत किती स्लॅब भरले त्याला हिशोब नाही. स्लॅबखालचे टेकू काढायच्या दिवशी बाकीचे गवंडी बाहेर उभे राहतात, हे आत उभे राहायचे. प्रत्येक वेळी. पण झोपले नाहीत. एका रात्रीसाठीसुद्धा कधी छताखाली झोपले नाहीत. गावाकडं पत्र्याचं शेड, तिथंच. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, मानूस जात न्हाई."

"मग गच्चीवर झोपा! तिथं वर काय आहे?"

"ताई, गच्ची म्हंजी स्लॅबच की. वरून गेलं काय अन् खालून गेलं काय!"

एवढ्यातही मला हसू आलं, आणि मग रडू आलं. म्हटलं, "काका, तुम्हीच तर म्हणालात, बिल्डिंग चांगली आहे. तुम्हीच पास केली."

"बिल्डिंग चांगलीच हाय. त्या भितीचं सांगायलोय का मी?" त्यांनी वर बघितलं. "मी जागा असलो की कळतंय मला. जरा कुठं किरकिरलं तरी कळतंय. पाठीला कॉलम असला की वरच्या मजल्यावर लेकरू कूस बदललं ते बी कळतंय. झोपल्यावर कोन ध्यान देनार?"

म्हणजे पाच महिने हा माणूस रात्रभर पार्किंगमध्ये बसून आमची चार मजल्यांची बिल्डिंग सांभाळत होता. वर सुजाता झोपलेली, ओंकार झोपलेला, मी झोपलेली. आणि मी त्यांना घुबड म्हणत होते. मला इतकी शरम वाटली की मी उठून त्यांच्या पायाला हात लावला. ते दचकलेच. "आसं करू नका ताई, चक्कर मला आली हुती का तुमाला?"

सुजाता आतापर्यंत पुस्तकं हातात घेऊन ऐकत होती. ती आजोबांसमोर येऊन खाली बसली. सोळा वर्षांची पोर, आवाज एवढासा. म्हणाली, "आजोबा, तुम्ही रात्रीचं ध्यान देता ना? मी झोपलेली असते तेव्हा?"

"हाव."

"मग मी पहाटे चारला उठते. सातपर्यंत अभ्यास करते. तेवढा वेळ मी ध्यान देईन. तुम्ही इथंच, माझ्यापुढं झोपायचं."

"तू पुस्तकात असतीस. तुला काय कळतंय किरकिरल्यालं?"

"मी मोठ्यानं वाचेन. माझा आवाज चालू आहे तोवर समजायचं, मी जागी आहे. आवाज थांबला की उठा."

काकांनी विचार केला. स्लॅबकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं. मग विचारलं, "धडे लांब हायत का?"

"खूप लांब आहेत," सुजाता म्हणाली.

मुलगा अर्धवट भरलेली बॅग तशीच ठेवून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जाताना मला म्हणाला, "आठ दिस बगू, ताई. न्हाई जमलं तर घिऊन जातो."

तिसऱ्या का चौथ्या दिवशी पहाटे पाचला मी समोरच्या दारावर थापा मारल्या. मला सगळं माहीत असूनसुद्धा मारल्या, कारण अशी खणखणीत इंग्रजी भिंतीतून यायला लागली होती की ओंकार तर उठलाच, खालच्या मजल्यावरचं बाळही रडायला लागलं. एवढीशी आवाजाची पोर, कुठून एवढा आवाज आणला! दार उघडलं. सुजाता एका हातात पुस्तकातला हृदयाचा धडा उघडा धरून माझ्याकडं बघत वाचतच होती, "द राईट व्हेंट्रिकल पम्प्स द ब्लड," आणि दुसऱ्या हातानं मला आत बोलावत होती.

हॉलच्या मधोमध, बरोबर तुळईच्या खाली, चटईवर काका झोपले होते. तोंड उघडं, हात छातीवर. वर आडवा स्लॅब. मी बघतच राहिले. सगळ्या गावाची छतं उभी करून आलेला माणूस पहिल्यांदा एका छताखाली निजलेला मी बघत होते. मध्ये सुजाताला ठसका लागला. आवाज दोन क्षण तुटला. काकांचे डोळे टक्क उघडले. तिनं घाईनं पुढचं वाक्य घेतलं, आणि ते पुन्हा मिटले.

मी घरी येऊन ओंकारला सांगितलं, उठला आहेस तर तूही अभ्यासाला बस. खालच्या बाळाच्या आईलाही मीच समजावलं. त्या माऊलीनं ऐकून घेतलं आणि बाळाचं झोपायचं वेळापत्रक बदललं. असं दीड वर्ष चाललं. बॅग कोणी पुन्हा भरली नाही. काकांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण कानावर पडून पडून शब्द पाठ झाले. एकदा चहाच्या टपरीवर कोणाशी तरी बोलताना मी ऐकलं, "आमच्या नातीचं व्हेंट्रिकल झालंय, आता किडनी चालू हाय." समोरचा माणूस बिचारा घाबरून म्हणाला, "कुठल्या दवाखान्यात आहे?"

डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा मेमध्ये. दुपारची. शेवटच्या तीन दिवसांत क्लासच्या सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, आता पहाटे उठायचं नाही, आठ तास झोपा. सुजाता ऐकेना. काकांनीच तिला दटावलं, "सर म्हनले तर झोपायचं. मला सवय हाय." तिसरा दिवस उजाडेपर्यंत काका एका खुर्चीवर बसून होते. परीक्षेच्या सकाळी तिला न्यायला बाप आला. काकांनी सेंटरवर यायचा हट्ट धरला. ती म्हणाली, "उन्हात गेटबाहेर तुम्ही उभे राहिलात तर माझं ध्यान तुमच्याकडं राहील." मग त्यांनी हट्ट सोडला. जाताना ती माझ्या दारात आली. कानातलंसुद्धा काढलेलं, हातात पाण्याची बाटली. म्हणाली, "काकू, ते तीन रात्री झोपलेले नाहीत."

माझ्या ओंकारला त्याचे बाबा घेऊन गेले होते. मी ताकाचा तांब्या घेऊन समोर गेले. काका खुर्चीवरच होते. डोकं छातीवर पडायचं, झटकन वर यायचं, स्लॅबकडं बघायचे, पुन्हा पडायचं. टाक्यांचा तो व्रण बघून मला भीतीच वाटली, हा माणूस आता खुर्चीवरून पडणार.

"काका, झोपा."

"लेकरू आलं की झोपतो."

"सहा वाजतील यायला. झोपा. मी आहे जागी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. संशयानंच. मी सुजाताच्या टेबलावरचं सगळ्यात जाड पुस्तक उचललं, भिंतीला टेकून खाली बसले, आणि उघडेल ते पान मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मी बी.ए., मराठी विषय घेऊन. कॉलेज सुटल्यापासून इंग्रजीशी संबंध नाही. शब्द हातभर लांब. चार अक्षरं लावायची, अडकायची, पुन्हा मागं जायची. काका थोडा वेळ ऐकत राहिले. "ते व्हेंट्रिकल हाय," त्यांनी एका ठिकाणी मला सुधारलं. मग चटई सरकवून तुळईखाली आडवे झाले. दोन ओळीसुद्धा झाल्या नसतील, घोरायला लागले.

आता मला थांबता येईना. घसा कोरडा पडला, ताकाचा तांब्या हाताच्या अंतरावर, पण तो उचलायचा म्हणजे वाक्य तोडायचं. दोनदा तोडून बघितलं, दोनदा त्यांची पापणी हलली. बाहेर ऊन रणरणत होतं, अख्खी बिल्डिंग चिडीचूप. आणि वाचता वाचता माझं लक्ष वर गेलं. मी कधी बघितलंच नव्हतं त्या स्लॅबकडं असं. कुठं किरकिरतंय का, कुठं हलतंय का, मीसुद्धा कान लावून बसले होते. ओंकारचा पेपर कसा चाललाय, हे त्या चार तासांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. खोटं कशाला सांगू.

सहाला दार लोटलं. सुजाता. चेहरा उन्हानं काळवंडलेला, हातात चप्पल. मी किडनीच्या एका शब्दावर अडकले होते, तेच ते पुन्हा म्हणत होते, अक्षरं लागत नव्हती, आवाज बसला होता, आणि काकांची पापणी पुन्हा हलायला लागली होती. तिनं दारातूनच तो शब्द म्हटला. मग त्याच्या पुढचं वाक्य म्हटलं, मग त्याच्या पुढचं. पुस्तक माझ्याच हातात होतं. ती येऊन माझ्या शेजारी खाली बसली, पाय पसरले, आणि न बघता पुढं म्हणत राहिली. काकांनी कूस बदलली.

मी तांब्या तोंडाला लावला. हातानंच तिला विचारलं, पेपर कसा गेला? तिनं मान हलवली, आत्ता नको. वाचणं थांबवलं नाही.

काका उठले साडेसातला. तोवर तिच्या पोटात अन्न नव्हतं, कपडेही बदलले नव्हते. पेपर कसा गेला ते तिनं आधी त्यांना सांगितलं. मी, ओंकार, त्याचे बाबा, आम्ही सगळे तोवर दारात उभे राहून वाट बघत होतो, तिचा बापसुद्धा.